घरच्या गप्पा आवरू नका, पुस्तक त्यांच्यात येऊ द्या

प्रश्न असा आहे. शाळेपासूनच्या सहा मैत्रिणी. दोघी पुण्यात, एक डोंबिवलीत, एक नाशिकला, एक बंगळुरूला आणि एक न्यू जर्सीत. आवडलेली पुस्तकं एकमेकींना सांगता यावीत म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर गट केला आणि दर महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं असं ठरवलं. दोन-तीन महिने जोरात चाललं. मग एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, दुसरीच्या मुलाची दहावी आली, आणि आता गटावर फक्त घरचंच बोलणं होतं. पुस्तकाचा विषय निघाला की ज्यांचं वाचून झालेलं नसतं त्या गप्प होतात. म्हणून त्यांनी विचारलंय, "आमचं वाचन टिकवायचं कसं आणि या घरच्या गप्पा आवरायच्या कशा?"

मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. नोकरीचा बहुतेक काळ देवघेवीच्या टेबलाशी गेला आणि वाचनालयातर्फे बायकांचे वाचक गटही चालवले. काही गट चटकन विरले, काही आजही भेटतात. ते बघून माझं ठाम मत झालंय की घरच्या गप्पा आवरायला जाऊच नका. तुमचा गट अजून बोलता आहे तो त्या गप्पांमुळेच. तो थंडावला 'सगळ्यांनी एकच पुस्तक' या नियमापायी.

देवघेवीच्या टेबलाशी एक पुस्तक एकीकडून दुसरीकडे कसं जातं ते सांगते. परत करायला आलेली बाई पुस्तक टेबलावर ठेवते. शेजारी उभी असलेली विचारते, "कसं आहे हो?" यावर कथानक कुणी सांगत नाही, लेखनशैलीबद्दल तर नाहीच नाही. उत्तर येतं, "यातली ती थोरली जाऊ आहे ना, हुबेहूब आमच्या आत्याबाई!" मग दोन मिनिटं आत्याबाईंवर बोलणं होतं. माझी नोंद पुरी व्हायच्या आत दुसरीनं पुस्तक हातात घेऊन चाळायला सुरुवात केलेली असते. पेपरातलं परीक्षण वाचून पुस्तक मागायला येणारेही असतात, पण त्यांच्यातले बरेच जण ते अर्ध्यात सोडून परत आणतात. खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट किंवा गॅसची पावती तिसाव्या-चाळिसाव्या पानात तशीच राहिलेली असते, त्यावरून कळतं. आत्याबाईंच्या ओळखीनं गेलेलं पुस्तक बहुतेक वेळा शेवटपर्यंत वाचून येतं.

पुस्तक आवडलं म्हणजे त्यातलं काहीतरी आपल्या घरातल्या माणसापर्यंत येऊन भिडलं. तेच सांगायला मैत्रीण लागते, कारण तिला ते घर माहीत असतं. तुम्ही शाळेपासूनच्या आहात. एकमेकींचे आईवडील, भावंडं, लग्नातले रुसवेफुगवे, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एवढं भांडवल कुठल्याही वाचक मंडळाकडे नसतं. ते बाजूला ठेवून पुस्तकावर 'चर्चा' करायला गेलात तर बोलणं कोरडं होणारच.

एकच पुस्तक सगळ्यांनी वाचण्यातली व्यावहारिक अडचणही बघा. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण पाचशे-हजार प्रतींची. वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत असते, फार मागणी असेल तर दोन. म्हणजे सहा जणींना सहा प्रती विकत घ्याव्या लागतात. त्यातून वाचनालयं बहुधा सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद, म्हणजे घरातल्या बाईला जरा उसंत मिळते नेमकी तेव्हाच बंद. पुस्तक हाती येईपर्यंत महिन्याची वीस तारीख उजाडते. मग उरलेल्या दिवसांत अडीचशे पानं परीक्षेसारखी उरकायची. कुणाला झेपणार? एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो कपाटांच्या रचनेपुरता नाही असं मी मानते. मैत्रिणींच्या गटालाही तो लावला पाहिजे.

मग करायचं काय? प्रत्येकीनं आपापलं वाचायचं, जमेल तेवढं, हवं ते. महिन्यातून एकदा फोनवर एकत्र जमायचं आणि प्रत्येकीनं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकच पान, दोन-तीन मिनिटांचं. वाचण्याआधी पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि हे पान कुठलं, एवढं दोन वाक्यांत. सारांश सांगायचा नाही. 'मला का आवडलं' हेही आधी सांगायचं नाही. वाचून झालं की जिला जे सुचेल ते तिनं बोलावं, आणि ते घरचं निघालं तर निघू द्यावं.

पान निवडणं हे मोठं काम आहे, त्याला वेळ द्या. वाचताना जिथे आपण थांबलो, मागे जाऊन पुन्हा वाचलं, किंवा उठून घरातल्या कुणाला तरी "हे ऐक" म्हणालो, ते पान. सुविचारासारखी वाक्यं असलेलं पान शक्यतो नको. ती वाक्यं ऐकून सगळ्या "वा, छान" म्हणतात आणि बोलणं तिथेच संपतं. ज्यात माणसं काहीतरी करताहेत, बोलताहेत, भांडताहेत, जेवताहेत असं पान घ्या.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं उदाहरण देते. त्याचा पहिला भाग 1934 साली आला. भाषा घरात बोलतात तशी आणि पानोपानी संसार. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. आमच्या गटात एकींनी त्यातलं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं पान वाचलं. धुण्या-पुसण्याचा तो अतिरेक आणि त्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल. आधी सगळ्या हसल्या, कारण लक्ष्मीबाई ते सांगतातच तशा. मग एक जण म्हणाली, माझ्या आजीला असंच होतं, सारखे हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडायच्या. दुसरीनं चार दिवस बाहेर बसायच्या खोलीचं वर्णन केलं: खिडकी कुठे होती, पाण्याचा तांब्या कोण ठेवायचं. एरवी कोपऱ्यात बसून नुसतं ऐकणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सासरे करायचे हे, आणि सासूबाई मला चोरून पाण्याला हात लावू द्यायच्या. सासूबाईंबद्दल इतकं मायेनं बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी 'स्मृतिचित्रे' त्याच घेऊन गेल्या. दुसऱ्या कुणी ते पूर्ण वाचलं की नाही, याची चौकशी मी केली नाही आणि करायची गरजही नव्हती.

तुमच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची आहे, कारण एक जण अमेरिकेत आहे. शनिवारी रात्री 9 ला भेटलात तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे 11:30 वाजलेले असतील आणि हिवाळ्यात 10:30. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात तेव्हा तेवढी आठवण ठेवा. इकडे नऊपर्यंत जेवणं, भांडी, ओटा आवरून झालेला असतो, तिकडे शनिवारची कामं सुरू व्हायची असतात. बैठक पाऊण तासाची ठेवा. क्रम मात्र पक्का ठेवा: आधी पानं, मग बाकी सगळं. घरचं बोलणं एकदा सुरू झालं की त्याला अंत नसतो आणि पानं राहून जातात. पानं आधी झाली तर पुढचं घरचं बोलणंही वेगळं होतं. त्याच त्या तक्रारी उगाळणं कमी होतं. माणसं आठवून सांगायला लागतात, ऐकून घ्यायला लागतात. हा फरक मी प्रत्येक टिकलेल्या गटात पाहिला आहे.

जिनं महिनाभर काहीच वाचलं नाही तिनंही यायचं. हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगा, नाहीतर ती लाजेनं फोन उचलणार नाही. तिनं पूर्वी कधीतरी वाचलेलं पान आणावं. आईच्या हातची पाककृतींची वही चालेल, आजोबांचं जुनं आंतर्देशीय पत्र चालेल. ज्या मैत्रिणीच्या मुलाची दहावी आहे तिच्या घरात 'कुमारभारती' आहेच, त्यातला एखादा धडा किंवा कविता तिनं वाचावी. आपल्या वेळच्या कविता आता आहेत का, यावर तुमचा अर्धा तास सहज जाईल. शिवाय दहावीच्या मुलाबरोबर रात्री जागणाऱ्या आईइतका वाचायला वेळ घरात दुसऱ्या कुणाला नसतो. तो अभ्यास करतो तेव्हा तिला टीव्ही लावता येत नाही, फोनवर बोलता येत नाही, झोपताही येत नाही. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत जाडजूड कादंबऱ्या नेणाऱ्यांत या आया हमखास असायच्या.

सासूबाईंचं करणाऱ्या मैत्रिणीला कसं सांभाळायचं, हा यातला नाजूक भाग. तिला आजारपणावरची पुस्तकं सुचवू नका, आणि धीर देणारी, सकारात्मक विचारांची तर मुळीच नकोत. दिवसभर औषधांच्या वेळा सांभाळून थकलेल्या बाईला पुस्तकानंही उपदेश करावा हे मला क्रूर वाटतं. तिला चार-पाच पानांत संपणारं काहीतरी लागतं, कारण मध्येच हाक येते आणि पुन्हा धागा सापडत नाही. ललित लेख, पत्रं, प्रवासातले तुकडे, लहान कथा द्या. दवाखान्यात बसायची पाळी आली तर दिवाळी अंक उत्तम. वजनाला हलका, कुठूनही उघडता येतो, बाकावर विसरून आला तरी फार हळहळ वाटत नाही. अशा काळात खूप जणी नवं काहीच वाचू शकत नाहीत, शाळकरी वयात आवडलेलं पुस्तक पुन्हा काढतात. तेही वाचनच आहे. तुम्हाला ते पुस्तक माहीत असेल, कारण तेव्हा तुम्ही एकाच वर्गात होतात. त्यातलं एक पान तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून तिला पाठवा. ती ते कणीक मळताना ऐकेल, सासूबाईंचे पाय चेपताना ऐकेल. सासूबाईंना शुद्ध असेल, ऐकू येत असेल, तर त्याही ऐकतील.

या आवाजी संदेशांवरून एक गोष्ट बजावून सांगते. घरचं बोलणं पुस्तकाच्या ओघात येतं तेव्हा माणूस एरवीपेक्षा जास्त बोलून जातो. सासरबद्दल, नवऱ्याबद्दल, मुलाच्या नापास होण्याबद्दल. ते या सहा जणींच्या बाहेर जाता कामा नये, नवऱ्यांपर्यंतसुद्धा. संदेश पुढे पाठवायचे नाहीत, फोनच्या पडद्याचे फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, काढायचे नाहीत. आमच्याकडचा एक चांगला चाललेला गट एवढ्यावरूनच फुटला होता: एकीचं बोलणं दुसरीच्या नणंदेपर्यंत पोचलं आणि पुढच्या महिन्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तो पुन्हा जुळला नाही.

एक वही ठेवा. दर बैठकीला एकीनं लिहायचं: तारीख, कुणी वाचलं, पुस्तक, पान क्रमांक, आणि त्यावरून काय निघालं ते एका ओळीत. 'सोवळं, आजीचे हात' एवढं पुरे. घरची गुपितं वहीत नकोत. वर्षभरानं ही वही चाळलीत की पुढे काय वाचावं हे वेगळं विचारावं लागणार नाही. कुणाचं पान कुणाला लागलं ते स्पष्ट दिसतं, आणि शिफारस त्यावरूनच करायची. 'खूप गाजलंय, वाचच' या शिफारशीला काही अर्थ नसतो. 'मागे तू वडिलांच्या बदल्यांबद्दल बोललीस ना, त्यासारखं यात आहे' असं सांगितलं की पुस्तक वाचलं जातंच.

आता पुस्तकं फिरवण्याबद्दल. तुमच्यासाठी सगळ्यात सोपी सुरुवात दिवाळी अंकांची. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळीच्या फराळाबरोबर अंक आहेच, आणि तो एकट्यानं वाचायची पद्धत कधीच नव्हती. आधी कुणी वाचायचा यावरून घरात भांडणं, मग शेजारी, मग माहेरी. सहा जणींनी आधी ठरवून प्रत्येकी दोन वेगवेगळे अंक घ्या. बारा अंक होतात. पुणे, डोंबिवली, नाशिक हे तर एकमेकींकडे येता-जाता फिरतील. शिमग्यापर्यंत सगळ्यांचे वाचून होतात असा आमचा अनुभव. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. ठरावीक वर्गणी भरली की काही महिने हवे तेवढे अंक आळीपाळीनं नेता येतात. पुण्यातल्या दोघींनी मिळून एक वर्गणी भरली तरी भागेल.

बंगळुरूच्या मैत्रिणीला पुस्तकं टपालानं पाठवा. टपाल खात्यानं 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. सुरू झालं तेव्हा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये असे दर होते, वर कर. पोचायला दिवस जास्त लागतात, पण आपल्याला घाई कुठे आहे? जाहिराती असलेली प्रकाशनं मात्र त्यात चालत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक स्पीड पोस्टनं किंवा कुणाबरोबर तरी. न्यू जर्सीला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेत एक पुस्तक मावतं, दोन म्हटली की त्याच्या कपाळावर आठ्या येतात. म्हणून तिच्यासाठी पातळ पुस्तकं राखून ठेवा, बाकीचं तिला ई-पुस्तकांतून किंवा ऐकण्याच्या पुस्तकांतून मिळतं.

पीडीएफ फिरवू नका. हे मी कळकळीनं सांगते. हजार प्रतींच्या आवृत्तीतल्या पन्नास प्रती अशा मारल्या गेल्या तर प्रकाशक पुढचं पुस्तक काढताना हात आखडता घेतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्व हक्क राहतो, त्यानंतर पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, म्हणजे 'स्मृतिचित्रे' कधीच खुलं झालं आहे. मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर अशी बरीच जुनी पुस्तकं वाचायला मिळतात. मैत्रिणींना एखादं पान वाचून दाखवायला कुणाची हरकत नसते.

उसन्या पुस्तकांवरून मैत्री बिघडते, त्याला उपाय साधा आहे. पहिल्या पानावर पेन्सिलीनं नाव लिहा आणि दिलेल्याची नोंद त्याच वहीत करा. परत एकदाच मागा. जे पुस्तक गेलं तर जीव हळहळेल, म्हणजे वडिलांच्या सहीचं, आईला बक्षीस मिळालेलं, ते मुळात देऊच नका. त्यातलं पान वाचून दाखवा. आणि जे पुस्तक तुम्ही सारखं सगळ्यांना देता, त्याची दुसरी प्रत घेऊन ठेवा.

वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटा, न्यू जर्सीची मैत्रीण सुट्टीवर येईल तेव्हा. आमच्याच जिल्ह्यातलं, पाचगणीजवळचं भिलार सुचवते. 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव झालं. तिथे पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांत ठेवलेली आहेत, एका घरात कथा, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास. तुम्ही ओसरीवर बसून वाचत असता आणि आतून फोडणीचा वास येतो, घरातली शाळकरी पोरं ये-जा करतात. घरच्या मावशींशी बोला, कुठलं पुस्तक जास्त हाताळलं जातं ते विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीतले शनिवार-रविवार टाळा, पाचगणीच्या रस्त्यावरच अर्धा दिवस जातो.

हे सुरू झालं की बहिणी, जावा, शेजारणी "आम्हालाही घ्या" म्हणतील. गट आठाच्या वर जाऊ देऊ नका. दहा जणी झाल्या की पानं वाचण्यातच तास जातो आणि घरचं बोलायला कुणी धजावत नाही. नव्यांना त्यांचा वेगळा गट करू द्या. त्या एकाच भागात राहणाऱ्या असतील तर त्यांना 'ग्रंथ तुमच्या दारी'बद्दल सांगा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 2009 साली सुरू केलेला हा उपक्रम आहे. पुस्तकांची पेटी ओळखीच्या एखाद्या घरी ठेवतात, आसपासचे लोक तिथून पुस्तकं नेतात आणि काही महिन्यांनी पेटी बदलते. दुबईसारख्या परदेशी शहरांतल्या मराठी घरांपर्यंत या पेट्या गेल्या आहेत. तुमची एक मैत्रीण नाशिकलाच आहे, चौकशीचं काम तिच्याकडे सोपवा.